व्ही-ब्रेक की कँटी? आधी लिव्हर बघा

पावसाळा तोंडावर आला की जुनी एमटीबी (माउंटन बाइक) बाहेर निघते आणि ब्रेक बदलायचा विषय निघाला की जो तो "व्ही टाक, पॉवर जास्त" एवढं सांगून मोकळा. दिसण्यातला फरक सगळ्यांना माहितीये, कँटीला, म्हणजे कँटिलिव्हर ब्रेकला, वायर वरून मधोमध येऊन दोन्हीकडे जाते, व्हीला बाजूच्या वाकड्या नळीतून. फोर्कवरचे खुंट, ज्यांवर ब्रेक बसतो, दोघांना तेच चालतात आणि तिथंच घोळ होतो, कारण बसला म्हणजे चालला असं नाही.

खरी भानगड लिव्हरची. शिमानोने १९९६ च्या सुमारास व्ही-ब्रेक आणले, त्यांचे हात लांब, त्यामुळे कँटीच्या साधारण दुप्पट वायर ओढावी लागते. त्याआधीच्या सायकलचं लिव्हर तेवढी ओढतच नाही. त्यावर व्ही लावला की लिव्हर मऊ पडून हँडलला टेकतं, नाहीतर एकदम चाक जाम. टेकू नये म्हणून शूज (ब्रेकचे रबर) रिमला चिकटवून ठेवायचे, मग जराशी रिम आउट झाली, म्हणजे वाकडी फिरायला लागली, किंवा माती अडकली की दिवसभर खरखर. उलटं, म्हणजे कँटीला व्हीचं लिव्हर, हे त्याहून वाईट, कारण दुकानात दाबून बघताना मस्त कडक लागतं आणि घाट उतरताना बोटं दुखेपर्यंत आवळलं तरी सायकल थांबत नाही. कडक लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक हे डोक्यातून काढा राव!

लिव्हर दाबून आत बघा. ज्या खिळ्यावर ते फिरतं तिथपासून वायरचं टोक अडकायची जागा लांब असेल तर व्हीचं, जवळ असेल तर कँटीचं. काहींत ती जागा सरकवताही येते.

चिखलात मोकळी जागा कँटीलाच जास्त, सायक्लोक्रॉसवाले, म्हणजे चिखलातून शर्यत करणारे, उगाच इतकी वर्षं त्यावर नव्हते. व्हीची वायर टायरच्या जवळून आडवी जाते, कोकणातली लाल माती तिथं गोळा होते. तरी मी व्हीच घेईन, लिव्हरसकट, कारण कँटीच्या मधल्या वायरचा कोन जमवत बसायचा मला वैताग येतो. फक्त नळीच्या तोंडाचं रबर फाटलेलं नको, आत चिखल गेला की ब्रेक सुटतच नाही.

आणि स्टीलची रिम असेल तर हा सगळा विचारच सोडा, ओल्यात ती कशानेच थांबत नाही, आधी ॲल्युमिनियमची घ्या. मग शूजमध्ये रुतलेले चकचकीत कण अधूनमधून सुईने काढत जा, नाहीतर तेच रिम खातात.