पेपर एका पार्टीच्या बाजूने बातम्या देतोय? प्रेस कौन्सिलकडे तक्रार करायची पद्धत, आणि अर्ज कुठे अडकतात

निवडणुका जवळ आल्या की हा प्रश्न हमखास येतो, आमच्या जिल्ह्याचा पेपर सरळ सरळ एका नेत्याचा झालाय, याची तक्रार करायची कुठे? तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. तरी लोकांचे अर्ज परत येतात आणि मग "काही उपयोग नाही हो त्याचा" म्हणून सगळे गप्प बसतात. खरं तर अर्ज परत येण्याची कारणं तीच ती असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

छापील पेपरची तक्रार प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. १९७८ च्या कायद्याने चालणारी ही संस्था आहे, ऑफिस दिल्लीत लोधी रोडला सूचना भवनमध्ये. तहसीलदार, कलेक्टर किंवा जिल्हा माहिती कार्यालयात दिलेलं निवेदन म्हणजे कौन्सिलकडे केलेली तक्रार नव्हे, शिक्का मारलेली पोच मिळाली तरी नाही. तक्रार कोणीही करू शकतं, बातमीत तुमचं नाव असायलाच पाहिजे असं नाही, वाचक म्हणूनही करता येते.

आता मुख्य अडचण. "हा पेपर पक्षपाती आहे" ही तक्रार होऊच शकत नाही. अग्रलेखात संपादकाने एखाद्या पक्षाची बाजू घेतली तर तो त्याचा हक्क आहे, तुमच्या नेत्याची सभा आत चौथ्या पानावर आणि दुसऱ्याची पहिल्या पानावर फोटोसकट, याचा राग येणं साहजिक आहे पण कुठली बातमी कुठे लावायची हे संपादकच ठरवतो, त्यावर तक्रार टिकणं फार अवघड. टिकते ती एका ठराविक तारखेच्या ठराविक बातमीवरची. म्हणजे आरोप छापले पण ज्याच्यावर आरोप केले त्याला विचारलंच नाही, मथळ्यात "घोटाळा" आणि खालच्या मजकुरात फक्त कोणीतरी चौकशीची मागणी केली एवढंच, तुमचा खुलासा पाठवूनही छापला नाही, किंवा पैसे घेऊन छापलेली जाहिरात बातमीसारखी लावली आणि कुठेही "जाहिरात" असं लिहिलं नाही. कौन्सिलने पत्रकारांसाठी आचरणाचे नियम छापलेत, त्यात अचूकता, मथळा, दुसरी बाजू, खुलासा हे सगळं आहे, आपली बातमी त्यातल्या कुठल्या नियमात बसते ते अर्जात लिहा. दहा वर्षांचा राग एका अर्जात ओतू नका, एक बातमी घ्या आणि तीच नीट मांडा.

दुसरी अडचण, संपादकाला आधी पत्र. हे केल्याशिवाय कौन्सिल पुढे जात नाही आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. वार्ताहराला फोन केला, ग्रुपवर सुनावलं, ऑफिसात जाऊन भांडून आलो, यातलं काहीच धरत नाहीत. पत्र लेखी पाहिजे आणि संपादकाच्या नावाने पाहिजे. नाव कुठे मिळेल? पेपरच्या शेवटच्या पानावर किंवा आतल्या एखाद्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, "मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून अमुक येथे प्रसिद्ध केले, संपादक तमुक", तीच कामाची. मोठ्या दैनिकांत आवृत्तीप्रमाणे वेगळं नाव असू शकतं, म्हणून ज्या अंकात बातमी आली त्याच अंकाची तळओळ बघा. पत्रात बातमीची तारीख, पान, काय चुकलं आणि तुम्हाला काय हवंय (खुलासा, दुरुस्ती) एवढं लिहा, शिव्या नकोत, कारण हेच पत्र पुढे कौन्सिलसमोर जाणार आहे. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जपून ठेवा. रजिस्टर पोस्टची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालीय, त्यामुळे काउंटरवर "रजिस्टर बंद झालं" म्हणाले तर घाबरून परत येऊ नका.

तिसरी, मुदत. इथे माझा जीव तुटतो. दैनिक आणि साप्ताहिकासाठी बातमी छापून आल्यापासून दोन महिने, पाक्षिक मासिक वगैरेंसाठी चार महिने. छापून आल्यापासून! लोक धरतात की संपादकाचं उत्तर आल्यापासून, आणि उत्तर काही येत नाही, वाट बघता बघता मुदत संपते. बातमी ३ जानेवारीची असेल तर मार्चच्या ३ तारखेच्या आत तक्रार दिल्लीत पोचली पाहिजे, आणि त्याच्या आत संपादकाला पत्र पाठवून उत्तराला थोडा वेळही दिलेला असला पाहिजे. म्हणून पत्र पहिल्या आठवड्यातच टाका, पंधरा-वीस दिवसांत उत्तर नाही आलं तर "उत्तर आले नाही" असं लिहून पुढे जा. उशीर झालाच तर कारण सांगून माफीची विनंती करता येते, अध्यक्षांना तो अधिकार आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

चौथी, कोणाकडेच नसलेला कागद. मराठी बातमीचं इंग्रजी भाषांतर जोडायचं असतं. जिल्हा पुरवणीतल्या बातमीचं इंग्रजी धुळ्याच्या किंवा हिंगोलीच्या माणसाने कुठून आणायचं? देशभरातल्या भाषांतल्या पेपरांचं काम बघणाऱ्या संस्थेने ही सोय स्वतः करायला हवी, हे ओझं तक्रारदारावर टाकणं मला अजिबात पटत नाही. पण सध्या तरी जोडावंच लागतं. शाळा-कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना, मॅडमना विनंती करा. सारांश चालवू नका, मथळा, उपमथळा, फोटोखालची ओळ सगळं यायला पाहिजे, कारण बऱ्याचदा खरी खोड मथळ्यातच असते आणि भाषांतर करणारे नेमका तोच मवाळ करून टाकतात.

बातमीचं मूळ कात्रण ठेवा, त्याची स्वतः सही केलेली प्रत चालते. ई-पेपरच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, त्यात तारीख आणि आवृत्ती दिसत नाही आणि काही दिवसांनी जुनं पान उघडतही नाही. अख्खं पान ठेवलेलं बरं.

अर्जाच्या शेवटी जाहीरनामा लागतो, की माहितीप्रमाणे सगळी खरी हकीकत मांडली आहे, या विषयावर कुठल्याही कोर्टात केस चालू नाही, आणि मध्येच सुरू झाली तर लगेच कळवीन. हा नसला की पत्र येतं आणि महिना जातो. आणि खरोखरच केस चालू असेल, म्हणजे तुम्ही आधीच बदनामीचा दावा टाकलाय, तर कौन्सिल त्यात हात घालत नाही. त्यामुळे कोर्ट की कौन्सिल हे आधी ठरवा, रागाच्या भरात दोन्हीकडे धावू नका.

बाकी सोपं आहे, सचिवांच्या नावाने अर्ज, तुमचा पूर्ण पत्ता, पेपरचं नाव-पत्ता, संपादकाला पाठवलेल्या पत्राची प्रत. तक्रारीत दम वाटला तर संपादकाला नोटीस जाते, त्याचं लेखी म्हणणं येतं, मग चौकशी समितीपुढे सुनावणी.

मिळणार काय ते आधीच सांगतो, नाहीतर नंतर निराशा होते. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, समज देऊ शकतं, निषेध नोंदवू शकतं, आणि चौकशीचा तपशील पेपरात छापायला सांगू शकतं. दंड नाही, नुकसानभरपाई नाही, पेपर बंद करणं तर नाहीच. पण ज्या तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे "प्रेस कौन्सिलने या बातमीबद्दल समज दिली" हा कागद हातात असणं लहान गोष्ट नाही.

निवडणुकीतल्या पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराचा, मार्ग वेगळा आणि जास्त वेगवान आहे. २००९ च्या विधानसभेच्या वेळी वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दन् शब्द सारखा मजकूर आला होता, भोकर मतदारसंघाचं ते प्रकरण निवडणूक आयोगाकडे आणि पुढे सुप्रीम कोर्टात गेलं, २०१४ च्या मे महिन्यात कोर्टाने सांगितलं की उमेदवाराच्या खर्चाच्या हिशोबाची चौकशी आयोग करू शकतो. नंतर त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने उमेदवाराविरुद्धचा आयोगाचा आदेश रद्द केला, म्हणजे सिद्ध करणं किती कठीण ते बघा. तरी लोकसभा-विधानसभेला प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, तिच्याकडे कात्रण लगेच, त्याच दिवशी द्या, कारण संशयित बातमी आली की ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस जायची असते. दोन पेपरात सारखाच मजकूर असेल तर दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी चिकटवून द्या, त्याच्याइतका बोलका पुरावा नाही. नगरपालिका-झेडपीच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतं, तिथली तक्रार त्यांच्या यंत्रणेकडे.

आणि यूट्यूब चॅनेल, न्यूज पोर्टल किंवा टीव्हीची तक्रार प्रेस कौन्सिलकडे पाठवू नका, ते त्यांच्या कक्षेत येत नाही, छापील कागदावर आलेलं तेवढंच ते बघतात.