मेटलचा टोन: ट्यूब तीच, मग फरक कुठे?

स्वस्त आणि महाग गिटार ॲम्पमध्ये ट्यूब (काचेची व्हॅक्यूम नळी) तीच असली तरी हेवी मेटलचा आवाज वेगळा का येतो, ते बघू. आधी गिटारची सहावी तार मोकळी वाजवा आणि तिच्यासोबत पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवरचा बी धरा. एक स्वर ८२.४ हर्ट्झचा, दुसरा १२३.५ हर्ट्झचा. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे लाटेची टोकं छाटणाऱ्या सर्किटमधून, जाताना हे दोन स्वर एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्या फरकाचा, ४१ हर्ट्झचा, तिसराच स्वर तयार होतो. तो खालच्या सप्तकातला ई असतो. अशा दोन स्वरांच्या पॉवर कॉर्डला भरदारपणा येतो तो यामुळे. आता त्यात २०७.७ हर्ट्झचा जी-शार्प मिसळून पूर्ण मेजर कॉर्ड करा. या मिसळीतून ८४.२ हर्ट्झचा एक घटक निघतो आणि तो ८२.४ च्या मूळ ई शेजारी बसून सेकंदाला जवळजवळ दोनदा डुलतो. असे अनेक घटक एकत्र आले की चिखल होतो. मेटलमध्ये कॉर्डमधला हा जी-शार्पसारखा तिसरा स्वर इतका कमी का दिसतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

ॲम्पची तुलना करताना हाच चिखल डोळ्यांसमोर ठेवावा. पाच वॅटच्या छोट्या कॉम्बोत (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आणि शंभर वॅटच्या जुन्या मार्शलमध्ये प्रीॲम्पची, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाची, ट्यूब एकाच जातीची असते: १२एएक्स७, युरोपीय नावाने ईसीसी८३. फरक पडतो तो ट्यूब किती आहेत, त्यांच्यामध्ये काय जोडलं आहे आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर व स्पीकर कोणता आहे, यावर.

मार्शलचं २२०३ हे हेड (वेगळ्या स्पीकरला जोडायचा ॲम्प) १९७५ पासूनचं. १९८१ पासून ते जेसीएम ८०० या नावाने विकलं गेलं. त्यातली दुसरी गेन स्टेज (सिग्नल वाढवणारा टप्पा) मुद्दाम 'थंड' ठेवलेली आहे. नेहमीच्या स्टेजमध्ये कॅथोडला (ट्यूबच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) एक-दोन किलोओहमचा रोध असतो, इथे तो १० किलोओहम आहे आणि त्याला समांतर कपॅसिटर नाही. त्यामुळे ट्यूब बंद पडण्याच्या काठावर बसते आणि लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा खूप आधी छाटली जाते. ही एकतर्फी छाटणी म्हणजे त्या ॲम्पची धार. १९९२ साली आलेल्या पीव्ही ५१५० मध्ये, सोल्डानो एसएलओ-१०० च्या धर्तीवर, हाच रोध ३९ किलोओहमपर्यंत नेला आहे आणि गेन स्टेजही जास्त आहेत. म्हणून त्याची लीड चॅनल पेडलशिवायही मेटल वाजवते.

स्वस्त ॲम्पमध्ये या साखळीला कात्री लागते. ऑरेंज मायक्रो टेररमध्ये प्रीॲम्पला एक १२एएक्स७ आहे, पुढचा २० वॅटचा पॉवर ॲम्प सॉलिड स्टेट, म्हणजे ट्यूबशिवायचा. बुगेरा व्ही५ मध्ये एक १२एएक्स७, एक ईएल८४ ही पॉवर ट्यूब आणि ८ इंची स्पीकर. इतक्या थोड्या ट्यूबमधून मेटलचा गेन काढायला गेलं की सगळे नॉब शेवटपर्यंत फिरवावे लागतात आणि आवाज भसाडा होतो. त्याची दोन कारणं आहेत. एक, खालच्या स्वरांची ताकद सर्वांत जास्त असते, त्यामुळे छाटणी आधी तेच घडवतात आणि बाकीचं त्यांच्यामागे फरपटत जातं. दोन, सिग्नल फार मोठा झाला की ट्यूबच्या ग्रिडमधून (सिग्नल जिथे शिरतो त्या जाळीतून) प्रवाह वाहू लागतो, जोडणारा कपॅसिटर चार्ज होतो आणि तो रिकामा होईपर्यंत ट्यूब क्षणभर गप्प राहते. पाम म्यूट केल्यावर (तळहाताने तार दाबून वाजवल्यावर) येणारा फसफस आवाज तो हाच. मार्शलमध्ये ग्रिडच्या वाटेवरचे ४७० किलोओहमचे रोध हा त्रास बराच आवरतात.

इथे बहुतेकजण बास नॉब कमी करतात आणि निराश होतात. मार्शल पद्धतीच्या सर्किटमध्ये टोन कंट्रोल प्रीॲम्पच्या डिस्टॉर्शननंतर येतात. चिखल आधीच झालेला असतो, नॉब फक्त त्याचं प्रमाण घटवतो. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत उलटं आहे: बासचा नॉब गेनच्या आधी, म्हणून तो शून्य ते दोनवर ठेवतात आणि हरवलेला तळ नंतरच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर परत भरतात. छाटण्याआधी बास काढायचा, छाटल्यावर घालायचा. मेटलचा टोन बनवण्यातली निम्मी कला एवढीच.

स्वस्त ॲम्पवर हे काम ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल करतं. ड्राइव्ह शून्यावर, टोन मध्यावर, लेव्हल पूर्ण. ड्राइव्ह शून्यावर असलं तरी त्याची पहिली स्टेज ७२० हर्ट्झच्या बऱ्याच वरचा सिग्नल बारा पटीपर्यंत वाढवते, ८२ हर्ट्झला मात्र जेमतेम दीड-पावणेदोन पट. पुढचा फिल्टर अगदी वरचं कापतो, त्यामुळे ॲम्पला मिळतो तो मधला भाग. आता ॲम्पचा गेन पाचच्या आसपास आणा, मिड सहावर, आणि मग गरजेपुरता बास वाढवा. मिड शून्यावर नेऊन घरी छान वाटणारा टोन ड्रम्स सुरू झाल्यावर कुठेच ऐकू येत नाही.

उरलेला फरक लोखंडाचा आणि कागदाचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा आणि स्पीकरचा. वारंवारता निम्मी झाली की तितक्याच व्होल्टेजसाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात दुप्पट चुंबकीय प्रवाह लागतो. छोटा गाभा इथेच थकतो, ड्रॉप ट्यूनिंगला (तार नेहमीपेक्षा खालच्या स्वराला लावली की) तर आणखी लवकर. स्पीकरचं तर विचारूच नका. सेलेशनच्या व्हिंटेज ३० चा अनुनाद ७५ हर्ट्झला, जी१२टी-७५ चा ८५ हर्ट्झला. बंद कॅबिनेटमध्ये पाम म्यूटचा धक्का या पट्ट्यात बसतो. ८ इंची स्पीकर तिथे पोचतच नाही. शिवाय व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता १०० डेसिबल, जी१२टी-७५ ची ९७. तीन डेसिबल म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट करण्याइतका फायदा. पन्नास वॅटचं शंभर केलं तरी एवढंच मिळतं. म्हणून हाती थोडेच पैसे असतील तर महाग हेडच्या आधी चांगलं १२ इंची बंद कॅबिनेट घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पीव्ही ६५०५ एमएच सारखं दोन ईएल८४ वरचं २० वॅटचं हेडही अशा कॅबिनेटवर वेगळंच बोलतं.

जुनं हेड विकत घेणाऱ्यांनी काही गोष्टी बघाव्यात. अमेरिकेतून आलेलं १२० व्होल्टचं असेल तर चार पॉवर ट्यूबच्या हेडसाठी किमान ५०० व्हीएचा, व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. थेट २३० व्होल्टला जोडलं तर काम तिथेच संपलं. प्रीॲम्पच्या ट्यूबवर पेन्सिलने हलकेच टकटक करा. स्पीकरमधून घणघण आली तर ती मायक्रोफोनिक आहे, बदला. ईएल३४ या पॉवर ट्यूबची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅटची. ४६० व्होल्टवर त्याचे ६५ टक्के धरले तर, काही वाजत नसताना, प्रत्येक ट्यूबमधून ३५ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह हवा. हे मोजणं माहितगाराचं काम आहे, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशेवर व्होल्ट शिल्लक राहू शकतात. पॉवर विभाग ट्यूबचा असलेला कुठलाही ॲम्प, स्वस्त असो की महाग, स्पीकर न जोडता वाजवू नये. भार नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर ठिणगी पडते आणि वेटोळं जळतं. कॅबिनेटला गिटारची केबल लावण्यातही तोच धोका, कारण तिची बारीक तार एवढ्या प्रवाहासाठी बनलेली नसते.