पार्श्वभूमी: काळजातले पहारेकरी

वर्धा मार्गावरची वाहतूक थांबवून ग्रीन कॉरिडॉर केला, की नागपुरात बातमी येते: प्रत्यारोपणासाठीचं यकृत अमुक मिनिटांत पोहोचलं. एवढी घाई का, याचं एक उत्तर यकृतातल्याच प्रतिकारपेशींकडे आहे. त्यांची नीट ओळख पटायला जवळपास शंभर वर्षं गेली.

१८७६ साली कार्ल फॉन कुप्फर हे जर्मन शरीररचनातज्ज्ञ यकृतातले मज्जातंतू शोधत होते. सोन्याच्या क्षाराने रंगवलेल्या कापात त्यांना चांदणीसारख्या पेशी दिसल्या. १८९८ मध्ये त्यांना परके कण गिळणाऱ्या पेशी आढळल्या. त्या म्हणजे आधीच्या चांदण्याच, आणि रक्तवाहिनीच्या अस्तराचा भाग, असं त्यांनी मानलं. त्याच सुमारास क्राकोच्या ताडेउश ब्रोविच यांनी या भक्षक पेशींचं अधिक अचूक वर्णन केलं. शेवटी १९७१ मध्ये जपानच्या केंजिरो वाके यांनी दाखवून दिलं, की त्या पहिल्या चांदण्या म्हणजे अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या वेगळ्याच पेशी. तरी भक्षक पेशींना नाव कुप्फर यांचंच राहिलं. ब्रोविच यांच्यासाठी मला हळहळ वाटते.

आतड्यांकडचं रक्त आधी यकृतात येतं, जिवाणूंचे तुकडे सोबत घेऊन. कुप्फर पेशी ते टिपतात, म्हाताऱ्या तांबड्या पेशीही गिळतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भाला नवा नाही. त्यात विळ्यासारख्या तांबड्या पेशी गिळून गिळून कुप्फर पेशी फुगतात. पण प्रत्येक परक्या कणावर तुटून पडल्या तर यकृत कायम सुजलेलं राहील. म्हणून सोसणं हाही त्यांचा स्वभाव.

प्रत्यारोपणात हा स्वभाव ठळक दिसला. अमेरिकी शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसात यकृत बसवण्याचा पहिला प्रयत्न केला, रुग्ण वाचला नाही. यश १९६७ मध्ये आलं. १९६९ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद रॉय काल्न यांच्या चमूला दिसलं, की अनेक डुकरं परकं यकृत प्रतिकार दडपणाऱ्या औषधांशिवाय स्वीकारतात. १९९२ मध्ये स्टार्झल यांना जुन्या रुग्णांच्या त्वचेत, लसिकाग्रंथींत दात्याच्या पेशी सापडल्या. उलट बाजूने, बसवलेल्या यकृतातल्या कुप्फर पेशींची जागा हळूहळू रुग्णाच्या स्वतःच्या पेशी घेतात.

मात्र बर्फात ठेवून आणलेल्या यकृतात पुन्हा रक्त खेळू लागलं, की याच पेशी चवताळतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. बर्फातला वेळ जितका लांबतो, तितकी इजा वाढते. रस्ता मोकळा करायचा तो त्यासाठी.