‘जीबी टाकून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर हे वाक्य वरचेवर ऐकू येतं, म्हणजे फोनमध्ये ‘जीबी व्हॉट्सॲप’ बसवून द्या. जीबी, एफएम, यो यांपैकी कुठलंही व्हॉट्सॲप आम्ही फोनमध्ये बसवून देत नाही, जास्त पैसे देऊ केले तरी नाही. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची हौस कुणालाच नसते, म्हणून कारण लिहून ठेवतोय.

मूळ ॲपमध्ये कुणीतरी फेरफार करून ही ॲप्स बनवलेली असतात. प्ले स्टोअरवर ती नाहीत. कुठल्यातरी साइटवरून एपीके (ॲप बसवायची फाइल) उतरवायची, आणि एकाच नावाच्या साइट पाहाल तेवढ्या. मेसेज वाटेत कुलूपबंद असतो हे खरं, पण ते कुलूप उघडतं तुमच्या फोनमधलं ॲपच. तेच परक्याच्या हातचं असेल तर?

ऑगस्ट २०२१ मध्ये एफएम व्हॉट्सॲपच्या एका आवृत्तीत कॅस्परस्की कंपनीला ‘ट्रायडा’ हा ट्रोजन (साध्या ॲपच्या आड लपलेला घातक प्रोग्रॅम) सापडला. मालकाला पत्ता न लागता पैसे लागणाऱ्या सेवा सुरू करणं त्याला जमत होतं, कारण एसएमएस वाचायची परवानगी त्या ॲपनं आधीच मागून घेतलेली. आपले बँकेचे ओटीपी एसएमएसवरच येतात. २०२२ मध्ये यो व्हॉट्सॲपची एक आवृत्ती व्हॉट्सॲप खात्यात शिरायच्या किल्ल्या परस्पर बाहेर पाठवताना सापडली. जून २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी ‘पिंक व्हॉट्सॲप’ या बनावट ॲपच्या लिंकबद्दल सावध केलं होतं, ती तर ओळखीच्याच ग्रुपवरून यायची.

बरं, जीबी हवं कशाला? बहुतेकांना एका फोनमध्ये दोन नंबर हवे असतात. ते अँड्रॉइडवर मूळ व्हॉट्सॲपमध्येच २०२३ पासून होतं. सेटिंग्जमध्ये जाऊन दुसरं खातं जोडायचं. ‘ऑनलाइन’ लपवायचं असेल तर प्रायव्हसीमध्ये सोय आहे. समोरच्यानं डिलीट केलेला मेसेज वाचायची सोय मात्र नाही. ती नसलेलीच बरी, असं आमचं मत. (तुम्ही डिलीट केलेला मेसेजही समोरच्याच्या जीबीमध्ये तसाच राहतो, हेही ध्यानात असू द्या.)

आधीच जीबी वापरत असाल तर घाईनं काढू नका. त्याचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जात नाही, फोनमध्येच राहतो. ॲप उडवलं की तोही जाऊ शकतो. म्हणून आधी चॅट बॅकअप घ्या आणि फोटो-व्हिडिओंसकट जीबीचा सगळा फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवा. असं ॲप वापरल्याबद्दल व्हॉट्सॲपनं खात्यावर तात्पुरती बंदी घातली असेल तर स्क्रीनवरची वेळ संपेपर्यंत थांबा. मग जीबी काढून प्ले स्टोअरवरून मूळ ॲप घ्या. फोल्डरचं नाव बदलून जुन्या गप्पा कधी कधी परत येतात, पण नव्या अँड्रॉइडवर दर वेळी जमत नाही. प्रयत्न आम्ही करू, हमी देणार नाही.

नंतर व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये (खातं आणखी कुठे उघडं आहे ती यादी) अनोळखी काही दिसलं तर लॉगआउट करा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर दुकानात यायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. तिथे मिनिटाला किंमत असते.

फोन आणताना व्हॉट्सॲपच्या नंबरचं सिम सोबत ठेवा. येणारा ओटीपी तुमचा तुम्ही टाका, आमच्या पोरांनाही सांगू नका.