हृदयातलं लोह दाखवणारा एमआरआय

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तावरच ते जगतं. पण प्रत्येक पिशवीबरोबर अंगात सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोहही येतं, आणि शरीर दिवसाकाठी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकतं. उरलेलं साचत जातं: यकृतात, ग्रंथींत आणि शेवटी हृदयाच्या स्नायूत. या रुग्णांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण वर्षानुवर्षं हेच होतं.

घात व्हायचा तो लोह वेळेवर न दिसल्यामुळे. रक्तातलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) तपासून हृदयाची खबर लागत नाही. हृदयात लोह सावकाश साठतं आणि निघतंही सावकाश. त्यामुळे लोह उतरवणाऱ्या औषधांनी फेरिटिन उतरलं, यकृतही मोकळं झालं, तरी हृदय लोहाने भरलेलं असू शकतं. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बहुतेकदा नॉर्मल येतो. त्यात बिघाड दिसू लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

२००१ साली लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या लिसा अँडरसन, डडली पेनेल आणि सहकाऱ्यांनी यावर एमआरआयचा तोडगा मांडला. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून एमआरआयला मिळणारा संदेश हळूहळू विरत जातो. जवळपास लोह असेल तर तिथलं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं आणि संदेश लवकर विरतो. संदेश विरायला लागणारा हा वेळ सांगणारा आकडा म्हणजे टी-टू-स्टार: लोह जितकं जास्त, तितका आकडा कमी.

प्रत्यक्षात रुग्णाला काही सेकंद श्वास रोखायला सांगतात. तेवढ्यात हृदयाच्या एकाच छेदाच्या सहसा आठ प्रतिमा, प्रत्येक आधीपेक्षा एक-दोन मिलिसेकंद उशिरा, घेतल्या जातात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला, म्हणजे जवनिकांमधला, पडदा निरोगी असेल तर आठव्या प्रतिमेतही तो राखाडी दिसतो. लोह खूप असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिमेतच काळा पडतो. मोजणी या पडद्यावरच करतात, कारण इतर भिंतींशेजारच्या फुप्फुसातली हवा आकडा बिघडवते. इंजेक्शन लागत नाही, क्ष-किरणही नाहीत.

आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की हृदयात लोह साठलं आहे असं धरतात. १० च्या खाली धोका मोठा. तपासणीनंतर वर्षभरात हृदय निकामी झालेल्या रुग्णांपैकी ९८ टक्क्यांचा टी-टू-स्टार १० पेक्षा कमी होता, असं २००९ च्या एका अभ्यासात आढळलं. हृदय अजून नीट चाललेलं असतानाच हा आकडा हाती येतो, म्हणून मला ही तपासणी इतकी मोलाची वाटते. लोह उतरवणाऱ्या औषधांचा डोस वाढवायला किंवा डेफेरिप्रोन आणि डेफेरॉक्सामाइन ही त्यातली दोन औषधं जोडीने द्यायला तेव्हा वेळ असतो. २००० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये या रुग्णांच्या लोह साठल्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण ७१ टक्क्यांनी घटलं. त्यात नव्या गोळ्यांचाही वाटा होता, पण कोणाला कधी काय द्यायचं हे याच आकड्यावरून ठरू लागलं.

उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत हा आजार घरोघरी माहीत आहे. इतर समाजांतही तो आहेच. मूल भूल न देता शांत पडून श्वास रोखू शकलं, म्हणजे साधारण आठ-दहा वर्षांचं झालं, की आईवडिलांनी डॉक्टरांकडे या तपासणीचा विषय काढावा. साधा ‘हृदयाचा एमआरआय’ केला तर त्यात ही मोजणी असेलच असं नाही, तेव्हा चिठ्ठीवर टी-टू-स्टार लिहून घ्यावं. वरचे आकडे १.५ टेस्लाच्या मशीनचे आहेत (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक). ३ टेस्लाच्या मशीनवर तेवढ्याच लोहाला आकडा कमी येतो, म्हणून दरवेळी शक्यतो एकाच ठिकाणी तपासणी करावी.