कोकणातील भयपटचर्चा

कोकण किनारपट्टीवरील मराठी भाषकांत भयपटांविषयी, आणि त्यांच्या शेजाराने थोडीफार विज्ञानपटांविषयी, चालणारी मतांची व शिफारशींची देवघेव. गणपतीतील जागरण, शिमग्यात पालखीची वाट पाहण्याचे तास, घराची ओटी, देवळाचा पार आणि एसटीचा थांबा ही तिची नेहमीची ठिकाणे. अलीकडे ती मोबाइलवरही चालते. कोणता चित्रपट चुकवू नये, कोणता रात्री एकट्याने पाहू नये आणि कोणत्यात ‘काय एक भियाक नाय’, हे सांगण्याची रीत सर्वांच्या परिचयाची असल्याने तिचे वर्णन येथे केलेले नाही. या चर्चेचे वेगळेपण तिच्या निकषात आहे. चित्रपट किती घाबरवतो यापेक्षा त्यातले भूत आपापल्या नियमाने वागते की नाही, हे कोकणी प्रेक्षक आधी पाहतो, असे सामान्यपणे म्हणता येते.

हे नियम गावाकडच्या समजुतींतून आलेले आहेत. देवचार गावाच्या सीमेवर फिरतो, समंधाचा जीव धनात किंवा वास्तूत अडकलेला असतो, मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाणवठा सोडून जात नाही. प्रत्येकाची जागा, वेळ आणि मागणे ठरलेले. शिवाय भूत आणि राखणदार यांच्यातील रेषा कोकणात बरीच पुसट आहे. वेताळ अन्यत्र भुतांचा राजा म्हणून ओळखला जातो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीत मात्र तोच वेतोबा ग्रामदेवता आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्या प्रेक्षकाच्या गावचा देवच रात्री पायी गस्त घालतो, त्याला पांढरी साडी आणि करकरणारे दार एवढ्यावर भागवणारा चित्रपट पोरकट वाटला तर नवल नाही.

भयाचे दृश्यरूप कोकणी प्रेक्षकाला पडद्याच्या कितीतरी आधी रंगमंचावर भेटले. दशावतारातील संकासुराचा काळा वेश आणि मध्यरात्रीनंतर देवळासमोर रंगणारी राक्षसांची युद्धे ही त्याची ओळखीची उदाहरणे. दशावताराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला, अशी परंपरागत माहिती असून तिकडच्या यक्षगान या लोकनाट्याशी असलेले त्याचे साम्य तिच्या बाजूने दाखवले जाते. परंतु सतराव्या शतकातील दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख आहे. तेव्हा काळे यांच्याकडे उगमापेक्षा नव्याने घडी बसवण्याचे श्रेय जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

चित्रपटांच्या शिफारशी खऱ्या अर्थाने फिरू लागल्या त्या बहुधा १९८० नंतर, व्हिडिओच्या काळात. भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर अंगणात मांडून रात्रभरात तीन-चार चित्रपट लावायचे, ही पद्धत त्या पिढीला माहीत आहे. कोणत्या कॅसेटी आणायच्या हे ठरवण्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचा शब्द चाले, कारण त्याने चित्रपट आधी पाहिलेला असे, निदान पाहिल्यासारखे तो सांगे. हिंदी भयपट काढणाऱ्या रॅमसे बंधूंच्या चित्रपटांचा हा भराचा काळ होता. त्यांच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) या चित्रपटाचे काही चित्रीकरण मुरूडला जंजिऱ्याच्या नवाबाच्या राजवाड्यात झाले होते. रायगडच्या किनाऱ्यावर तो चित्रपट सुचवताना कथेआधी राजवाड्याचाच उल्लेख होतो.

या चर्चेत सर्वाधिक वाद ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाच्या मुळाविषयी होतो. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाने त्या वर्षी व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२४ मधील पुनःप्रदर्शनाला पहिल्यापेक्षा अधिक प्रतिसाद लाभला. तोंडी शिफारशीने चित्रपट तगतो याचा दाखला म्हणून रसिक तेव्हापासून त्याचे नाव घेतात. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील, जगबुडी नदीकाठचे खरे गाव आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडी कादंबरीमुळे ते मराठी वाचकांच्या ओळखीचे झाले. म्हणून चित्रपट कादंबरीवर बेतलेला असावा, असा समज सर्रास आढळतो. तो ग्राह्य धरता येत नाही. कादंबरी एका खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदार, घराण्याच्या चार पिढ्यांचा चढउतार सांगते. चित्रपटाने तिच्याकडून गावाचे नाव आणि फार तर पडत्या घराण्याची हवा घेतली आहे. हस्तर हा लोभी देवपुत्र कादंबरीत नाही.

दुसरे मत नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘आजी’ या कथेकडे बोट दाखवते, आणि ते अधिक टिकाऊ आहे. खाटेला खिळलेल्या, माणूसपण उरले आहे की नाही असा संशय यावा अशा म्हातारीसोबत मुलाला घरात एकटे राहावे लागते, हा चित्रपटाच्या पहिल्या भागाचा गाभा त्या कथेशी जुळतो. धारपांची कथा स्वतः स्टीफन किंग यांच्या १९८० च्या दशकातील ‘ग्रॅमा’ या कथेचे रूपांतर आहे, ही गोष्ट पुढे आली की चर्चा हमखास तापते. चित्रपट परका ठरतो काय, असा तेव्हा सूर लागतो. परंतु पहिला भाग संपल्यावर कथा सोन्याच्या मोहरा, बाप आणि मुलगा यांच्याकडे वळते, आणि तेथे किंग किंवा धारप यांचा आधार सापडत नाही. १९१८, १९३३ आणि १९४७ असे टप्पे घेत चित्रपट स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर थांबतो. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. ही जवळीक जाणून ठेवलेली असो वा नसो, खोतांच्या अंमलाखाली पिढ्या काढलेल्या मुलखातील प्रेक्षकाला ती सुचल्याशिवाय राहत नाही.

या चित्रपटाबद्दलची कोकणी तक्रार मात्र वेगळीच आहे. त्यातील भव्य वाडा सासवडचा, म्हणजे घाटावरचा. दगडी बुरूज आणि उंच कमान असे सरदारी बांधकाम कोकणच्या गावात अपवादानेच दिसते. तेथील घर चिऱ्याचे आणि कौलारू. पुढे खळे, मग पडवी, ओटी, आत माजघर, आणि पावसाळ्यात पडवीला विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधलेले. पडद्यावर पाऊस अखंड कोसळत असताना झापांचा मागमूस नसणे जाणकारांना खटकते. ही तक्रार वास्तुशास्त्रदृष्ट्या बरोबर असली तरी शापित, ओसाड गाव दाखवणाऱ्या चित्रपटाकडून झापांची अपेक्षा करावी काय, हा प्रश्न उरतोच.

‘मुंज्या’ (२०२४) या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित हिंदी चित्रपटाने नियमांचा वाद पुन्हा उकरून काढला. मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी, म्हणजे लग्नाला मोकळा होण्याआधी, वारलेला मुलगा मुंजा होतो, अशी समजूत आहे. लग्नाची राहून गेलेली इच्छा हा चित्रपटाचा कणा तिच्याशी सुसंगत आहे. मतभेद आहेत ते स्वभावाविषयी. ऐकीव गोष्टींतला मुंजा खोडकर, दगड मारणारा, पिंपळाखालून जाणाऱ्याची फजिती करणारा. तो सहसा जिवावर उठत नाही. पडद्यावरचा मुंज्या उठतो. ज्येष्ठ मंडळी याला चूक म्हणतात आणि तरुण प्रेक्षक विनोदाची बाजू घेतात. वाद त्यापुढे सहसा सरकत नाही.

मालवणी मुलखात चर्चेला घरगुती वळण दिले ते चित्रपटाने नव्हे, तर ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने. ती फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिची आणखी दोन पर्वे आली. मालिकेचे नाव ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटातील गीतावरून आले आहे. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत झाले आणि तेथील वाडा पर्यटकांचे ठिकाण बनला. अण्णा नाईक व शेवंता ही पात्रे घरोघरी पोहोचली. त्यातल्या पांडूचे ‘इसारलंय’ (विसरलो) तर मालवणी न येणाऱ्यांच्याही तोंडी बसले. सुरुवातीला मालिकेवर कोकणाची बदनामी आणि अंधश्रद्धेला खतपाणी असे दुहेरी आक्षेप घेतले गेले. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच झालेला असल्याने दुसऱ्या आक्षेपाला धार होती. प्रेक्षकांची चर्चा मात्र मुख्यतः बोलीवर राहिली. कोणते पात्र अस्सल मालवणी बोलते आणि कोणाचे मालवणी पुण्यामुंबईचे, याचे निवाडे भुतांच्या निवाड्यांइतक्याच कडकपणे दिले गेले.

विज्ञानपटांचा वाटा लहान आहे. मराठीत विज्ञानकथा वाचली जाते. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली, ही गोष्ट वाचकांत प्रसिद्ध आहे. पण त्या वाचनाला पडद्यावर फारशी जोड मिळालेली नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून कोकणच्याच किनाऱ्यावर आहे. कल्पनेने त्याच्याभोवती एखाद्या पडक्या वाड्याभोवती घातल्या इतक्याही घिरट्या घातलेल्या नाहीत. अभिमानाने सांगितले जाणारे उदाहरण एकच, आणि तेही परदेशी: स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) मधील भारतातला प्रसंग खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला. सूर कोठून आले, असे विचारताच सारा जमाव एकदम आकाशाकडे बोटे रोखतो, तो हा प्रसंग. चित्रपटात हे स्थळ उत्तर भारतातील म्हणून येते; गावाचा जिल्हा त्या काळी कुलाबा या नावाने ओळखला जाई.

सरपोतदारांच्याच ‘झोंबिवली’ (२०२२) या मराठी चित्रपटात भय आणि विज्ञान यांची सांधेजोड आहे. डोंबिवलीच्या पाणीप्रश्नाच्या पार्श्वभूमीवर त्यात जिवंत प्रेतांची साथ पसरते. डोंबिवली कोकण महसूल विभागात मोडत असली तरी दक्षिणेकडचे रसिक हा चित्रपट कोकणाच्या खात्यावर मांडत नाहीत.