व्हीआयए तपासणी

गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधला आंबट घटक, लावून कर्करोगपूर्व बदल नुसत्या डोळ्यांनी हुडकण्याची पद्धत. बोलीत ज्याला 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात, त्याच्या मुळाशी जवळजवळ नेहमीच एचपीव्ही विषाणूचा टिकून राहिलेला संसर्ग असतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात आणि एवढ्या काळात बाईला काही जाणवतही नाही. अंगावरून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागते तेव्हा रोग अनेकदा बराच पुढे गेलेला असतो. म्हणून तपासणी तक्रार नसतानाच करायची असते.

स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडून धरणारे साधन, लावून गर्भाशयमुख उजेडात आणतात, त्यावर ३ ते ५ टक्के अ‍ॅसिडात भिजवलेला कापसाचा बोळा टेकवतात आणि मिनिटभर थांबतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो, बिघडलेल्या पेशींचा भाग मात्र दाट पांढरा होतो. निकाल जागच्या जागी कळतो. प्रयोगशाळा लागत नाही, अहवालासाठी बाईची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडत नाही. रजोनिवृत्तीनंतर जिथे बदल सुरू होतात तो पट्टा आत सरकतो, त्यामुळे या वयात पद्धत तितकी भरवशाची राहत नाही.

या पद्धतीच्या दोन मोठ्या चाचण्या महाराष्ट्रात झाल्या. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर काम केले. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी तपासणी केली. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने, १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांवर व्हीआयए आणि इतर तपासण्या पडताळणारी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे नमुन्यात विषाणू शोधणाऱ्या तपासणीने, मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले, पण एकदाच केलेल्या व्हीआयएने लक्षणीय घट दिसली नाही. याउलट तमिळनाडूतील दिंडिगुलमध्ये एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले होते. पद्धत तीच, निकाल वेगळे. व्हीआयएमध्ये सगळी भिस्त पाहणाऱ्याच्या नजरेवर असते. प्रशिक्षण, देखरेख आणि डाग दिसल्यावर उपचारापर्यंतचा पाठपुरावा ढिला पडला, तर स्वस्त तपासणीही वाया जाते.

मुंबई आणि उस्मानाबादच्या चाचण्यांवर एक गंभीर आक्षेप राहिला आहे: तुलनेच्या गटातील स्त्रियांना फक्त माहिती दिली, तपासणी दिली नाही. देशात त्या वेळी तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, असा संशोधकांचा बचाव होता. तो खरा असला तरी आक्षेप त्याने मिटत नाही. गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पॅप चाचणीचा उपयोग तोवर जगभर माहीत झालेला होता.

भारत सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सुचवली. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही डीएनए चाचणीला प्राधान्य देते. तिचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे टेबलावर झोपण्याचा संकोच टळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) मात्र ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या २ टक्क्यांहूनही कमी निघाल्या.